पाठीतले हृदय, छातीतले हृदय

रेशीम अळी चौथी कात टाकून वाढू लागली, की तिची पांढुरकी त्वचा काहीशी पारदर्शक दिसते. अशी अळी तळहातावर घेऊन तिच्या पाठीकडे निरखून पाहिल्यास मध्यरेषेवर एक बारीक, गडद रेघ आढळते. ही रेघ स्थिर नसते. शेपटीकडून डोक्याच्या दिशेने तिच्यातून एकामागून एक लाटा सरकत जातात. हेच अळीचे हृदय होय. संगोपनगृहात रोज वावरणाऱ्या शेतकऱ्याने ही रेघ असंख्य वेळा पाहिलेली असते. ती काय आहे हे मात्र त्याला क्वचितच कोणी सांगितलेले असते.

हरभऱ्यावरील घाटे अळी, मक्यावरील लष्करी अळी, उसाच्या मुळांवरील हुमणी, बोंडातील गुलाबी अळी या सर्वांच्या पाठीत असेच हृदय धडधडत असते. त्यांच्यावर फवारणी करणाऱ्या माणसाच्या छातीतही एक हृदय असते. पिकाच्या एकाच ओळीत समोरासमोर आलेल्या या दोन रक्ताभिसरण संस्थांची रचना अगदी भिन्न आहे, तथापि दोन्ही देहांतील मज्जातंतू संदेशासाठी एकच रसायन वापरतात. फवारणीतील विषबाधा समजून घ्यायची असेल, तर हा भेद आणि हे साम्य दोन्ही ठाऊक असावे लागतात.

रक्ताभिसरणाच्या शोधाच्या इतिहासातही कीटकांना स्थान आहे. इंग्रज वैद्य विल्यम हार्वे याने 1628 मध्ये रक्त शरीरात चक्राकार फिरते हे सप्रमाण मांडले. त्याच ग्रंथात त्याने गांधीलमाशी व माशी यांच्या शरीरातील स्पंदणारे हृदय भिंगातून पाहिल्याची नोंद केली आहे. रोहिण्यांतून गेलेले रक्त नीलांमध्ये कसे पोहोचते, हे मात्र हार्वेला दिसले नव्हते. ती दुवा जोडणारी सूक्ष्म जाळी 1661 मध्ये इटलीतील मार्चेलो माल्पिघी याने बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. याच माल्पिघीने पुढे 1669 मध्ये रेशीम किड्याच्या अंतर्रचनेवर स्वतंत्र प्रबंध प्रसिद्ध केला आणि पाठीतील नळीसारख्या हृदयाचे वर्णन केले. कीटकशास्त्राच्या विद्यार्थ्याला माल्पिघी आठवतो तो कीटकांच्या उत्सर्जक नलिकांना त्याचे नाव दिले गेल्यामुळे. केशवाहिन्यांचा शोधकर्ताही तोच, हे सहसा विसरले जाते.

चार कप्प्यांचा पंप

माणसाचे हृदय साधारण त्याच्या मुठीएवढे असून प्रौढाच्या हृदयाचे वजन 250 ते 350 ग्रॅम भरते. त्यात वरचे दोन कप्पे, म्हणजे अलिंद, आणि खालचे दोन, म्हणजे निलय, असतात. उजवी व डावी बाजू मधल्या पडद्याने पूर्णपणे विभागलेली असते. हे वस्तुतः शेजारी शेजारी बसवलेले दोन पंप आहेत. उजवा पंप शरीरातून परतलेले रक्त फुप्फुसांकडे पाठवतो, तर डावा पंप फुप्फुसांतून आलेले प्राणवायूयुक्त रक्त महारोहिणीत ढकलतो. डाव्या निलयाला टाळूपासून तळपायापर्यंत रक्त पोहोचवायचे असल्याने त्याची भिंत उजव्याहून बरीच जाड असते. रक्त मागे फिरू नये म्हणून चार झडपा असतात. विहिरीच्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह जे काम करतो, तेच त्या करतात. ठोक्याची सुरुवात उजव्या अलिंदातील पेशींच्या एका लहानशा पुंजक्यातून होते. हृदयाचा ठोका हा हृदयाचा स्वतःचाच असतो. मज्जातंतू त्याचा वेग फक्त कमीअधिक करतात. ही बाब पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

विश्रांतीच्या स्थितीत मिनिटाला सुमारे 72 ठोके आणि प्रत्येक ठोक्याला सुमारे 70 मिलिलिटर रक्त असे धरले, तर मिनिटाला जवळपास 5 लिटर रक्त बाहेर पडते. प्रौढ माणसाच्या शरीरातील एकूण रक्तही साधारण तेवढेच असते. त्वचेतून किंवा श्वासातून रक्तात शिरलेला पदार्थ मिनिटभरात साऱ्या देहात फिरून येऊ शकतो, तो यामुळे.

वाहिन्यांची रचना ठिबक सिंचनाच्या जाळ्याशी ताडून पाहता येते. महारोहिणी ही मुख्य नळी, रोहिण्या या उपनळ्या आणि शेवटी केशवाहिन्या या तोट्या. केशवाहिनी इतकी अरुंद असते, की तिच्यातून तांबड्या पेशींना एकामागे एक रांगेने जावे लागते. तिची भिंत केवळ एका पेशीच्या जाडीची असते आणि देवाणघेवाण होते ती येथेच. प्राणवायू व अन्नघटक बाहेर जातात, कर्बवायू व टाकाऊ द्रव्ये आत येतात. पुढे नीलांमधून रक्त परतते. नीलांमधील दाब कमी असल्याने पायांसारख्या ठिकाणी त्यांच्यातही झडपा असतात आणि चालताना पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलण्यास हातभार लावतात. ठिबकाशी तुलना येथे संपते, कारण ठिबकातील पाणी परत मुख्य नळीत येत नाही. देहातील रक्त मात्र वाहिन्यांच्या बाहेर न पडता पुन्हा हृदयाकडे येते. हे बंद अभिसरण होय.

पाटपाण्याची तऱ्हा

कीटकाचे अभिसरण उघडे असते. ठिबकाऐवजी पाटाने पाणी सोडावे आणि ते साऱ्या वाफ्यात पसरावे, तसा हा प्रकार आहे. पाठीच्या त्वचेखाली एकच लांब नळी असते. तिला पृष्ठवाहिनी म्हणतात. पोटाच्या भागातील तिचा हिस्सा म्हणजे हृदय, तर छातीतून डोक्याकडे जाणारी तिची साधी, निमुळती नळी म्हणजे महारोहिणी. हृदयाच्या दोन्ही बाजूंना, खंडाखंडाला, झडपा असलेली छिद्रे असतात. नळी प्रसरण पावली की भोवतालचा द्रव या छिद्रांतून आत शिरतो. आकुंचन पावली की झडपा मिटतात आणि द्रव पुढे सरकून मेंदूजवळ मोकळा सोडला जातो. तेथून तो आतडे, स्नायू, चरबीपिंड, अंडाशय अशा सर्व अवयवांना भिजवत मागे वाहत येतो. मधे ना केशवाहिन्या, ना नीला. दाबही अत्यल्प. शृंगिकांच्या आणि पंखांच्या बुडाशी छोटे साहाय्यक पंप असतात, कारण अशा अरुंद जागी पाटाचे पाणी आपोआप पोहोचत नाही. पतंगांच्या बाबतीत तर आणखी एक नवल दिसते. त्यांचे हृदय ठरावीक काळाने दिशा बदलते आणि डोक्याकडे जाणारा प्रवाह काही वेळ पोटाकडे वळतो.

या द्रवाला हिमोलिंफ म्हणतात. तो बहुधा फिकट पिवळा, हिरवट किंवा रंगहीन असतो, कारण त्यात हिमोग्लोबिन नसते. डबक्यातील कायरोनोमस डासांच्या तांबड्या अळ्या हा अपवादच. माणसाचे रक्त शरीराच्या वजनाच्या 7 ते 8 टक्के असते. पतंगवर्गीय अळीत मात्र हिमोलिंफ वजनाच्या पाचव्या हिश्शापासून दोन पंचमांशापर्यंत भरू शकतो. अळी चिरडली की एवढा द्रव बाहेर येतो तो त्यामुळेच. या द्रवाला कामेही अनेक. त्यातील प्रमुख साखर ट्रेहॅलोज ही स्नायूंचे इंधन आहे. कात टाकताना अळी याच द्रवाच्या दाबाने जुनी त्वचा उकलते. कोषातून बाहेर पडलेल्या पतंगाचे चुरगळलेले पंख याच द्रवाने ताणले जातात. बाजरीच्या कणसावर येणारे हिंगे हाताळले असता सांध्यांतून जो द्रव पाझरतो आणि कातडीवर फोड आणतो, तोही त्यांचे रक्तच.

एक काम मात्र कीटकाचे रक्त जवळजवळ करत नाही. ते प्राणवायू वाहून नेत नाही. अळीच्या अंगाच्या दोन्ही कडांवर दिसणाऱ्या ठिपक्यांसारख्या श्वसनरंध्रांतून हवा आत शिरते आणि श्वासनलिकांच्या फांद्या-उपफांद्यांतून थेट पेशींच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचते. माणसाचे हृदय थांबले की काही सेकंदांत शुद्ध हरपते आणि काही मिनिटांत मेंदूला कायमची इजा होऊ लागते. कीटकाला हृदय थांबल्याने असा तात्काळ धोका नसतो. उलट, शरीरातून काढलेले कीटकाचे हृदय योग्य क्षारद्रावणात ठेवले तर तासन्‌तास ठोके देत राहते. ‘हे औषध अळीचे हृदय बंद पाडते’ असे कोणी विक्रेता सांगू लागला, तर त्याला कीटकशास्त्राचा पहिला धडाही ठाऊक नाही असे समजण्यास हरकत नाही.

अळी लगेच का मरत नाही

जैविक कीडनाशकांविषयी शेतकऱ्यांची नेहमीची तक्रार असते, की फवारणी केली, पण दुसऱ्या दिवशीही अळी जिवंतच दिसते. याचे उत्तर हिमोलिंफमध्ये दडलेले आहे. बहुतेक जैविक घटकांचा खरा संघर्ष कीटकाच्या रक्तात होतो आणि त्याला वेळ लागतो.

बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचे प्रथिन अळीच्या अल्कधर्मी मध्यांत्रात विरघळते आणि आतड्याच्या पेशींना छिद्रे पाडते. अळीचे खाणे काही तासांतच थांबते. मृत्यू मात्र आतड्यातील जिवाणू त्या फटींतून रक्तात शिरल्यावर, काही दिवसांनी येतो. घाटे अळीवरील एचएएनपीव्ही हा विषाणू आतड्यातून हिमोलिंफमध्ये उतरतो आणि पेशीपेशीत वाढतो. रक्त गढूळ, दुधासारखे होते आणि चार ते सात दिवसांत अळी फांदीला उलटी लटकून मरते. रेशीम उत्पादकाला हेच चित्र वेगळ्या अर्थाने परिचित असते. ग्रासरी रोगाने ग्रस्त रेशीम अळीला किंचित टोचले तर स्वच्छ द्रवाऐवजी पांढरा, दुधट द्रव बाहेर येतो. एका पिकात जे लक्षण यशाचे, ते दुसऱ्या व्यवसायात अरिष्टाचे.

हुमणीसाठी वापरले जाणारे हेटेरोरॅबडायटिस इंडिका हे सूत्रकृमी अधिक वेगवान ठरतात. बंगळूरु येथील राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोने त्यांचे भुकटीरूप तयार केले आहे. हे सूत्रकृमी तोंड, गुदद्वार किंवा श्वसनरंध्रांतून कीटकात शिरतात आणि आपल्या आतड्यातील जिवाणू त्याच्या रक्तात सोडतात. वाहिन्यांचे अडथळे नसल्याने जिवाणू साऱ्या देहात पसरतात आणि कीटक साधारण 24 ते 48 तासांत मरतो. मेलेली हुमणी विटेसारखी तांबूस दिसली, तर सूत्रकृमींनी काम केले असे समजावे.

कीटकाचे रक्तही निमूट शरण जात नाही. त्यातील रक्तपेशी जिवाणूंना गिळतात. आकाराने मोठा शत्रू असेल तर त्याच्याभोवती थरावर थर रचून त्याला कोंडतात. कॅम्पोलेटिस क्लोरिडी ही मित्रगांधीलमाशी घाटे अळीच्या देहात अंडे घालते, तेव्हा ते अंडेही असेच कोंडले जायला हवे. तसे होत नाही, कारण अंड्यासोबत ती एक विषाणू सोडते आणि तो अळीच्या रक्तपेशींना निष्प्रभ करतो. हरभऱ्यात लहान अळ्या दिसताच सरसकट रासायनिक फवारणी केली, तर हा सारा व्यवहार सुरू होण्याआधीच उधळला जातो. जैविक फवारणीनंतर अळी मेली का, यापेक्षा ती खाते आहे का, हे विस्तार कार्यकर्त्याने शेतकऱ्याला पाहायला शिकवावे.

दोन बेडकांची हृदये आणि एक रसायन

आता साम्याकडे. 1921 मध्ये ऑटो लोवी या शास्त्रज्ञाने दोन बेडकांची हृदये वेगवेगळ्या द्रावणांत धडधडत ठेवली. पहिल्या हृदयाला जोडलेला मज्जातंतू उत्तेजित करताच त्याचे ठोके मंदावले. मग त्याने पहिल्या हृदयाभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर सोडला. कोणताही मज्जातंतू न छेडता दुसरे हृदयही मंदावले. मज्जातंतू रसायनाच्या मार्फत संदेश देतात, याचा तो पुरावा होता. ते रसायन अ‍ॅसिटिलकोलीन असल्याचे पुढे सिद्ध झाले आणि 1936 चे नोबेल पारितोषिक लोवी व हेन्री डेल यांना विभागून मिळाले.

हेच अ‍ॅसिटिलकोलीन कीटकाच्या मध्यवर्ती मज्जासंस्थेतील प्रमुख संदेशवाहक आहे. संदेश पोहोचला की त्याचे विघटन करणारे कोलीनएस्टरेज हे विकर दोघांतही असते. क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस, डायमिथोएट, क्विनॉलफॉस, मोनोक्रोटोफॉस ही ऑर्गेनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके या विकराला जखडून टाकतात. संदेश थांबतच नाही. अळी थरथरते, आचके देते, लुळी पडते. फवारणाऱ्या माणसाच्या देहात ते पुरेशा प्रमाणात शिरले, तर त्याच तत्त्वाने लाळ, घाम, अश्रू वाहू लागतात, बाहुल्या बारीक होतात, श्वासनलिकांत स्राव साठतो, स्नायू फडफडतात आणि लोवीच्या बेडकाप्रमाणे हृदयाची गती मंदावू शकते. निओनिकोटिनॉइड गटातील औषधे कीटकांच्या ग्राहींना अधिक घट्ट चिकटत असल्याने माणसासाठी तुलनेने सौम्य ठरतात. ऑर्गेनोफॉस्फेटमध्ये असा भेदभाव फारसा नाही.

उन्हात फवारणी आणि त्वचेतील वाहिन्या

2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या वेळी एकाच प्रकारची औषधे वापरात नव्हती. वेगवेगळ्या गटांची मिश्रणेही फवारली गेली होती. उंच वाढलेली कपाशी, दमट उकाडा आणि उघडे अंग यांचा उल्लेख तेव्हा वारंवार झाला. या तीन गोष्टींचा रक्तवाहिन्यांशी असलेला संबंध मात्र फारसा चर्चिला गेला नाही.

देह तापला की तो थंड करण्यासाठी त्वचेतील वाहिन्या रुंदावतात आणि तिच्यातील रक्तप्रवाह विश्रांतीच्या अनेक पटींनी वाढतो. घामाने त्वचा ओली व मऊ होते. अशा त्वचेवर पडलेले औषध कोरड्या, थंड त्वचेच्या तुलनेत अधिक वेगाने आत शोषले जाते. सगळी त्वचाही सारखी नसते. हाताच्या तुलनेत कपाळ, डोक्याची त्वचा, काख आणि विशेषतः जांघेचा भाग औषध कितीतरी अधिक शोषतो. पाठीवरच्या पंपाच्या झाकणातून गळणारे द्रावण कमरेवरून नेमके तिकडेच उतरते. छातीच्या वर वाढलेल्या पिकात चालताना मान व चेहरा भिजतो. मधे थांबून त्याच हाताने मळलेली तंबाखू किंवा खर्रा ओठाखाली ठेवला, तर औषधाला तोंडाच्या पातळ अस्तराखालील वाहिन्यांचे दार उघडून दिल्यासारखे होते. निकोटिनही अ‍ॅसिटिलकोलीनच्याच ग्राहींवर काम करते, हा योगायोग बोलका आहे.

एप्रन, हातमोजे व मुखपट्टी भर दुपारी घातली तर उकाड्याने जीव कासावीस होतो, ही मजुरांची तक्रार खरी आहे. म्हणून साधने आणि वेळ यांची सांगड घालावी लागते. सकाळच्या किंवा सायंकाळच्या थंड वेळेत, वाऱ्याची दिशा पाहून फवारणी केली, तर साधने सहन होतात आणि त्वचेतील वाहिन्याही आकुंचित राहतात. पंपाचे झाकण व नळीचे सांधे फवारणीआधी साध्या पाण्याने तपासावेत. हे काम पाच मिनिटांचे आहे.

शेतात कोणी भोवंडला तर ऊन लागले की विष बाधले, हा प्रश्न पडतो. प्रौढाची नाडी विश्रांतीत मिनिटाला 60 ते 100 असते. मनगटावर 15 सेकंद मोजून चारने गुणले की आकडा मिळतो. उष्माघातात ती बहुधा जलद चालते. नाडी 60 च्या खाली, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या आणि तोंडाला लाळ अशी स्थिती असेल, तर ऑर्गेनोफॉस्फेट किंवा कार्बामेटची बाधा जवळपास निश्चित समजावी. नाडी जलद आहे म्हणून विषबाधा नाही, असा निष्कर्ष मात्र काढू नये. सुरुवातीला ती वाढूही शकते. कपडे तत्काळ उतरवावेत, अंग साबणाने व भरपूर पाण्याने धुवावे आणि हे करणाऱ्याने स्वतः हातमोजे घालावेत. बेशुद्ध व्यक्तीला कुशीवर निजवावे. उलटी करवू नये, दूध पाजू नये. 108 ला दूरध्वनी करून औषधाची बाटली अथवा तिचे लेबल सोबत न्यावे. लेबलवरील त्रिकोणाचा रंग तीव्रता सांगतो. लाल अतितीव्र, पिवळा तीव्र, निळा मध्यम, हिरवा सौम्य. त्याच लेबलवर उतारा छापलेला असतो आणि डॉक्टरांना त्याचीच गरज असते.

ऑर्गेनोफॉस्फेटवरील प्रमुख उतारा अ‍ॅट्रोपिन हा होय. धोतऱ्यातही आढळणारे हे द्रव्य हृदय व श्वासनलिकांवरील अ‍ॅसिटिलकोलीनची जागा अडवते. त्यामुळे ठोके सावरतात आणि छातीतील स्राव आटतो. म्हणून कोणी धोतऱ्याचा काढा पाजू नये. मात्रा डॉक्टरच नाडी व छाती तपासत ठरवतात. पायरेथ्रॉइड वा इतर अनेक गटांच्या औषधांवर असा विशिष्ट उतारा नाही. ‘सगळ्यांत जालीम’ म्हणून तीन औषधे एकाच टाकीत मिसळणारा शेतकरी डॉक्टरांसमोर म्हणूनच सर्वांत अवघड कोडे घेऊन येतो.

घरी परतलेला रुग्ण बरा दिसू लागला, तरी त्याचे रक्त बरे झालेले नसते. तांबड्या पेशींमधील जखडलेले कोलीनएस्टरेज बहुतांशी नव्या पेशी तयार होतील तसतसेच भरून निघते, आणि तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे 120 दिवसांचे असते. सप्टेंबरात सौम्य बाधा झालेल्या मजुराच्या रक्तात ऑक्टोबरात या विकराचा साठा अजून अपुराच असतो. अशा वेळी एरवी सहज पचली असती एवढी मात्राही त्याला पुरी पडते. त्या हंगामात त्याला पंप देऊ नये, औषध कालवायलाही सांगू नये, नुकतीच फवारणी झालेल्या शेतात पाठवू नये. माणसागणिक या विकराची पातळी भिन्न असल्याने, गावोगाव फवारणीचीच मजुरी करणाऱ्यांची चाचणी हंगाम सुरू होण्याआधी एकदा करून तिचा कागद जपून ठेवला, तर पुढे तुलना करता येते. मृगाच्या आधी, बियाणे-खतांची जमवाजमव चालू असते, तो काळ यासाठी सोयीचा असतो.